मास्तर, हितं थांबवा

सातारा-बामणोली गाडीच्या भाडेतक्त्यात टप्पे दिलेले असायचे. यवतेश्वर, सांबरवाडी, पेट्री, अनावळे, आटाळी, कास आणि शेवटी बामणोली. या रस्त्यावर मी 17 वर्षं कंडक्टर होतो. पण माझ्या डोक्यात दुसरीच एक यादी पक्की बसली होती. दोन दगड. वाकडं जांभूळ. तुटका कठडा. म्हसोबा. आक्काचं वळण. या ठिकाणी पाटी नाही, शेड नाही, जवळपास एक घरही दिसत नाही. तरी रोज मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडायचं, "मास्तर, हितं थांबवा!"

मी एक बेल द्यायचो. गाडी थांबायची. डोक्यावर बोचकं घेतलेली एखादी बाई उतरायची, हात धरून पोराला उतरवून घ्यायची. मी डबल बेल देऊन मागच्या काचेतून बघेपर्यंत रस्ता रिकामा असायचा. कारवीच्या झाडीत ती माणसं गेलेली असायची.

कुठं जातात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "खाली वाडी हाय." खाली म्हणजे किती खाली, वाट कशी, वाटेत काय, हे मला कधी कळलं नाही. पुढची तिकिटं फाडायची असायची.

2019 साली निवृत्त झालो. 30 वर्षं हलत्या गाडीत उभं राहिलेले पाय घरात बसू देईनात. पहाटे चारला जाग यायची आणि हात आपोआप तिकिटाच्या पेटीकडं जायचा. मुलगी म्हणाली, "बाबा, चालायला जात जा." मी समर्थ मंदिराजवळ राहतो. साताऱ्याच्या या बाजूला राहणाऱ्या माणसाला चालायला कुठं जाऊ हा प्रश्नच पडत नाही. बोगद्याकडं गेलं की कुरणेश्वर आणि खिंडीतला गणपती. तिथली सकाळची झाडाखालची थंडी मला फार आवडते. बोगद्याच्या अलीकडून डांबरी रस्ता अजिंक्यताऱ्यावर जातो. पेठांमधून चढणाऱ्या जुन्या पायवाटा आहेत, त्या दमवतात पण लवकर पोचवतात.

पहिली दोन वर्षं मी रोज किल्ल्यावर गेलो. वर गेलं की एका बाजूला जरंड्याचा डोंगर, लांब चंदन-वंदनचे किल्ले, दुसरीकडं सज्जनगड आणि पश्चिमेला यवतेश्वरची भिंत. 1699च्या डिसेंबरात औरंगजेबानं या किल्ल्याला वेढा घातला आणि प्रयागजी प्रभूंनी चार महिन्यांवर तो लढवला. मंगळाईच्या बुरुजापाशी उभा राहिलो की मला दर वेळी वाटायचं, वेढ्यातली ती माणसं रात्री कुठल्या वाटेनं वरखाली करत असतील? राजवाट तर शत्रूच्या डोळ्यांसमोर. म्हणजे चोरवाटा असणार, आणि त्या कुणातरी गुराख्यालाच ठाऊक असणार.

हा विचार करताना नजर समोरच्या यवतेश्वर घाटाकडं जायची. सकाळची बामणोली गाडी एकेक वळण घेत वर चाललेली दिसायची. माझी गाडी. एक दिवस वाटलं, आपण त्या रस्त्यावर एवढी वर्षं काढली आणि तो रस्ता पाहिलाच नाही.

कंडक्टरला घाट दिसत नाही, हे बाहेरच्या माणसाला पटायचं नाही. घाट म्हणजे माझ्या हिशेबात 40 तिकिटं. समर्थ मंदिराला गाडी भरायची आणि यवतेश्वर यायच्या आत सगळ्यांची तिकिटं झाली पाहिजेत. वळणावर सीटच्या दांड्याला पाठ टेकवायची, एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात पंच. त्या वेळी दिसतात ती माणसांची बोटं. चुरगळलेल्या नोटा, पदराच्या गाठीतले पैसे, शाळेचा पास, कोंबडीची पाटी. मी माणसं हातांवरून ओळखायचो. डोंगर मला वाऱ्यावरून कळायचा, कारण पावसाळ्यात कासकडं जाताना डावीकडच्या खिडकीला कुणी बसायचं नाही. पाऊस त्याच अंगानं मारतो.

मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तिची गिअरची सायकल घरात पडून होती. तीच काढली. पहिल्या दिवशी घाटात चार वेळा उतरलो आणि शेवटचं वळण ढकलत पार केलं. महिनाभरानं न उतरता चढायला लागलो. पाच-सहा किलोमीटरची चढण आहे, सातारा हिल मॅरेथॉनचे धावणारे हाच घाट पळत चढतात. सायकलवर माणूस इतका हळू असतो की कठड्याच्या दगडांमधली नेची दिसतात. कुठल्या वळणावर पाणी ठिबकतं, कुठं ब्रेक लायनर तापल्याचा वास येतो, कुठं अंजनाच्या निळ्या फुलांचा गुच्छ फांदीला चिकटून बसलाय, हे सगळं तेव्हा कळलं. आणि मागं वळून बघितलं की सगळं सातारा अजिंक्यताऱ्याच्या कुशीत.

वर पोचल्यावर रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो. डावीकडं खोल उरमोडीचं खोरं, त्यात धरणाचं पाणी आणि पलीकडं सज्जनगड. उजवीकडं वेण्णेचं खोरं, कण्हेर धरणाचा फुगवटा. एकाच रस्त्यावरून दोन्हीकडं पाणी दिसतं अशी जागा सायकलवाल्याला दुसरी कुठं मिळायची? माझ्या मते साताऱ्यातला सगळ्यात सुंदर सायकलचा पट्टा यवतेश्वर ते पेट्री हाच आहे, तोही नोव्हेंबर ते जानेवारीत, सकाळी सातच्या आत. चढउतार अंगाला झेपणारे, गाड्या कमी, आणि दरीतलं धुकं तुमच्या खाली.

पण सायकल रस्त्याची. माझ्या त्या दुसऱ्या यादीचं कोडं सायकलवरून सुटेना.

2022च्या नोव्हेंबरात मी सायकल घरी ठेवली, सकाळच्या गाडीत बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवरून ओरडलो, "मास्तर, हितं थांबवा!" कंडक्टर तरुण होता, मला ओळखत नव्हता. त्यानं बाहेर बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काका, इथं काही नाही. कशाला उतरताय?" मी म्हटलं, "दोन दगड आहेत की." त्यानं बेल दिली.

दोन दगड म्हणजे खरंच दोन दगड. जांभ्याचे, गुडघ्याएवढे, एकमेकांपासून हातभर लांब. त्यांच्यामधून पाय टाकला आणि वीस पावलांत रस्त्याचा आवाज बंद झाला. आधी वाळलेल्या गवताचा तुकडा लागतो, मग कडेला आल्यावर वाट एकदम खाली झुकते आणि कारवीत शिरते. कारवीच्या काठ्या दोन्हीकडं डोक्याच्या वर, मध्ये एका माणसापुरती फट. पायाखाली दगड बसवलेले. हे दगड आपोआप पडलेले नाहीत हे पाचव्या-सहाव्या पायरीला कळलं, कारण प्रत्येक दगडाचं सपाट अंग वर होतं आणि मधे पाय पडून पडून ते गुळगुळीत झालं होतं.

पहिल्या वळणावर हिरड्याचं मोठं झाड. त्याच्याखाली खांद्याच्या उंचीचा सपाट खडक. मी त्यावर पिशवी ठेवली आणि तेव्हा लक्षात आलं, हा खडक कशासाठी आहे ते. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला वाटेत विसावा घ्यायचा तर ओझं जमिनीवर ठेवून चालत नाही. ते परत डोक्यावर चढवून द्यायला दुसरं माणूस लागतं. खांद्याइतका खडक असला की एकटीला उतरवता येतं, एकटीला चढवता येतं. वाट या खडकापाशी येण्यासाठी थोडी लांबून वळवली होती. ज्या बायकांना मी "चला, चला, पटकन उतरा" म्हणायचो, त्यांनी इथं रोज श्वास घेतला असणार. मी तिथं बराच वेळ बसलो.

खाली दुसऱ्या वळणावर पाण्याचा आवाज आला. कड्याच्या पोटातून बोटाएवढी धार. कुणीतरी फटीत पान अडकवून तिला तोटी केली होती. नोव्हेंबरात, पाऊस जाऊन महिना झालेला, आणि पाणी दात कळवळावेत इतकं गार. आमच्या या डोंगरांची रचना अशी आहे की माथ्यावर जांभ्याची टोपी आणि तिच्याखाली काळा कातळ. जांभा भोकाभोकांचा, त्यात पावसाचं पाणी मुरतं. कातळ ते सहज खाली जाऊ देत नाही. मग पाणी दोघांच्या सांध्यावरून सरकत सरकत डोंगराच्या कडेला येतं आणि झरा होऊन बाहेर पडतं. जिथं बारमाही झरा, तिथं खाली वाडी. जिथं वाडी, तिथून वर सडकेला पायवाट. आणि जिथं पायवाट सडकेला मिळते, तिथं "मास्तर, हितं थांबवा." माझे सगळे थांबे पाण्यानं ठरवले होते. 17 वर्षं ज्याला मी प्रवाशांची अडवणूक समजत होतो, त्याच्यामागं हा डोंगर होता.

वाडीचं नाव मी लिहीत नाही. आठ-दहा घरं आहेत. नाव लिहिलं की गाड्या येतात, आणि त्या वाटेला गाड्या सोसणार नाहीत.

पहिल्याच घराच्या पडवीत एक म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं, डोळ्यांवर हात धरला.

"कोन पायजे?"

"कुणी नाही मावशी. वाट बघायला आलोय."

तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलंच नाही, आवाजावरून ओळखलं. "बामणोलीचं मास्तर न्हवं का तुमी?"

"व्हय मावशी."

"मग गाडी कुटं सोडली?"

आम्ही दोघंही हसलो. तिचे हात मी ओळखले. डाव्या अंगठ्याचं नख चिरलेलं, कोयत्यानं. हा हात सुट्टे पैसे मोजून द्यायचा, कधी एक रुपया कमी नाही. तिनं गुळाचा कोरा चहा केला, नाचणीची भाकरी आणि लाल चटणी पुढं ठेवली. मी विचारलं, वाटेवर एवढे दगड कुणी बसवले? ती म्हणाली, सासऱ्यानं बसवले, त्याच्या आधी कुणी ते ठावं न्हाई. आता वाट कोण राखतं? "मीच. खालनं जीप येती आता. पोरं शाळंला तिकडनंच जात्यात. दोन पावसाळं तोडली न्हाई तर कारवी वाट गिळती बगा. आन् घाणेरी तर एकाच सालात."

"मग जीप असताना तुम्ही कशाला राखता?"

तिनं वरच्या कड्याकडं बोट केलं. "म्हायार वर हाय माजं. भाऊ हाय तितं. जीप बाजाराला जाती मास्तर, म्हायाराला न्हाई."

नकाशात या वाटा नाहीत. कुणी सहलीसाठी पाडलेल्या नाहीत, पाट्या लावून नावं दिलेली नाहीत. त्या कुणाच्या तरी माहेराला, शेताला, देवाला, झऱ्याला जातात म्हणून आहेत. त्यावरून रोज एक माणूस गेलं तरी वाट जगते. त्या दिवसापासून मी ठरवलं की यादीतल्या प्रत्येक थांब्यावर उतरायचं आणि वर्षातून निदान दोनदा प्रत्येक वाट चालायची. आत्तापर्यंत अकरा वाटा झाल्या. दोन बुजल्यात. तुटक्या कठड्याची वाट अर्ध्यातच घाणेरीत संपते, पुढं जाता येत नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या थांब्यावर एक शाळकरी मुलगा रोज उतरायचा आणि उतरताना मला सलाम ठोकायचा.

मावशीनं मला वाट राखायची विद्याही शिकवली. पायवाट सरळ खाली का नेत नाहीत, हे मला वाटायचं दम लागू नये म्हणून. ती म्हणाली, पाण्यामुळं. सरळ वाट केली की पहिल्या पावसात तिचा ओढा होतो, माती जाते, दगड उघडे पडतात. म्हणून नागमोडी न्यायची, आणि प्रत्येक वळणाच्या थोडं आधी दगडांची आडवी ओळ रोवायची, म्हणजे वाटेवरून येणारं पाणी बाजूला गवतात जातं. "पान्याला त्येची वाट द्याची, म्हंजी त्ये आपली घेत न्हाई." हे काम मृगाच्या आधी करायचं. कारवी तोडायची ती दिवाळीच्या आसपास, पाऊस संपल्यावर. मुळासकट उपटायची नाही, कारण तीच डोंगराची माती धरून ठेवते. या कारवीला सात वर्षांनी फूल येतं. ज्या वर्षी येतं त्या वर्षी सगळा उतार जांभळा आणि मधमाश्यांचा आवाज वरच्या रस्त्यापर्यंत.

आता कासबद्दल लिहितो, कारण साताऱ्याबाहेरचे लोक हा रस्ता कासमुळंच ओळखतात.

कास पठाराला आमच्याकडं सडा म्हणतात. 2012 साली पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारसा झाली, महाराष्ट्रातली त्यात चार, आणि कास त्यातलं एक. ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबर सरेपर्यंत तिथं जे उमलतं ते शब्दात धरायचा मी प्रयत्न करत नाही. फक्त एक गोष्ट सांगतो. सड्यावर जांभ्याच्या खडकावर मातीचा थर काही इंचांचा, कुठं तर बोटभरच. त्या मातीत कस नाही. म्हणून तिथल्या सीतेची आसवं आणि दवबिंदू या इवल्या झाडांनी बारीक किडे पकडून पोट भरायची सवय लावून घेतली. इतक्या हलाखीत जगणाऱ्या झाडावर माणसाचा पाय पडला तर तो थर दबतो आणि पुढच्या वर्षी तिथं नुसता खडक. सड्यावरची पायवाट एका माणसाच्या रुंदीची असते ती उगाच नाही. गावची माणसं एकामागं एक चालतात. आपण तिघं हात धरून शेजारी शेजारी चाललो की वाट तीन माणसांची झाली, म्हणजे दोन माणसांच्या रुंदीची फुलं गेली.

आता दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते, कासच्या आजूबाजूच्या गावांतली पोरं शिट्ट्या घेऊन उभी असतात. त्यांच्यावर चिडू नका. त्या पोरांच्या आज्या माझ्या गाडीतून गेल्या आहेत.

मला राग आहे तो शनिवार-रविवारच्या गाड्यांचा. नोकरीत असताना सप्टेंबरातल्या एका रविवारी माझी गाडी घाटाच्या वर अडीच तास अडकली. दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या, माणसं फोटो काढायला उतरलेली. माझ्या गाडीत दवाखान्यातून सुटलेली पाच दिवसांची बाळंतीण होती, मांडीवर लेकरू. तिला बामणोलीच्याही पुढं, कोयना धरणाच्या पाण्यातून लाँचनं जायचं होतं. शेवटची लाँच चुकली. ती रात्र तिनं बामणोलीत ओळखीच्यांच्या ओसरीवर काढली. मी मुक्कामाला तिथंच होतो, रात्रभर लेकराचं रडणं ऐकू येत होतं. म्हणून हात जोडून सांगतो, कासला यायचं तर मधल्या वारी या. साताऱ्याच्या स्टँडवरून एस.टी.नं या, किंवा पायात बळ असेल तर सायकलनं, 25 किलोमीटर आहे. तो रस्ता फुलांकडं जायचा आहे तसा तो कुणाच्या तरी घरी जायचाही आहे.

आणि फुलांच्या मुख्य गर्दीत तासभर घालवून झाला की राजमार्गावर चाला. कासहून महाबळेश्वरकडं जाणारी ही जुनी वाट. लाल मातीची, रुंद, चढ जवळजवळ नाही. सुमारे तीन किलोमीटरवर कुमुदिनीचं तळं लागतं. पाण्यावर पांढरी फुलं, पाकळ्यांच्या कडांना बारीक झालर. बहुतेक लोक एवढं चालत नाहीत, त्यामुळं तिथं शांतता मिळते. धुकं उतरलं की दहा हातांवरचं दिसत नाही आणि दरीतून कस्तुर पक्ष्याची शीळ येते. माणूस शीळ घालतोय असंच वाटतं, सुरुवातीला मी दोनदा ओ दिली होती. साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुराही याच भागातल्या सड्यांवर साठलेल्या पाण्यात उगवतो, त्याचा जांभळट तुरा दोन फाट्यांचा. फुलाला हात न लावता वाकून बघा.

सपाटीवर सायकल चालवायची असेल तर लिंबला जा. माझ्या नातीनं वयाच्या दहाव्या वर्षी पहिली मोठी सायकलफेरी तिथं केली. लिंब खिंडीचा चढ सोडला तर त्रास नाही, हायवेला मात्र सर्व्हिस रस्ता सोडायचा नाही. फाट्यावरून आत वळलं की ऊस, आमराई आणि मग बारा मोटेची विहीर. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली. 110 फूट खोल, 50 फूट रुंद, वरून बघितली तर शिवपिंडीच्या आकाराची, आणि आत चक्क महाल. नात पायऱ्या उतरून आत गेली आणि म्हणाली, "आबा, विहिरीत घर आहे!" पुढं कृष्णाकाठी जाऊन भेळ खाल्ली आणि ऊन चढायच्या आत परत आलो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी घाटाच्या नादाला न लागता हीच फेरी करावी.

पाटेश्वरच्या डोंगराबद्दल वेगळं लिहीन. देगावकडून चढायची ती वाट आणि वरच्या पिंडी, त्याला एक पूर्ण सकाळ द्यायला हवी.

डोंगरातल्या वाटांवर जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी मावशीच्या आणि माझ्या अनुभवातून. जुलै-ऑगस्टात या दरीतल्या वाटा उतरू नका. शेवाळलेल्या दगडावर बूट काय, अनवाणी पायही टिकत नाही, आणि गावची माणसंही तेव्हा काठी घेऊनच उतरतात. गव्यांचा वावर आहे. समोर गवा आला तर थांबा, मागं सरा, त्याला जायला जागा द्या, फोटोसाठी पुढं होऊ नका. संध्याकाळी पाचनंतर कारवीत थांबू नका. फेब्रुवारीपासून गवत कडकडीत वाळतं, तेव्हा काडी, विडी, सिगारेट यातलं काही बरोबर नको. मुक्कामी गाडीच्या टपावरून मी कितीतरी रात्री समोरच्या डोंगरावर वणव्याची माळ बघितली आहे. लांबून ती दिवाळीसारखी दिसते. सकाळी त्याच उतारावरून गाडी जाताना जळक्या घरट्यांचा वास यायचा. आणि वाडीत गेलात तर पाणी मागा, दोन शब्द बोला, आपल्या पिशवीतला कचरा आपल्याच पिशवीत परत आणा.

गेल्या दिवाळीआधी आम्ही चौघं निवृत्त सहकारी, दोन ड्रायव्हर आणि दोन कंडक्टर, कोयते घेऊन दोन दगडांच्या वाटेवर गेलो. मावशीचं वय आता सत्तरीच्या पुढं, वरची अर्धी वाट तोडणं तिच्यानं होत नाही. आम्ही वरून तोडत निघालो, ती खालून. झऱ्यापाशी गाठ पडली. तिनं आमचं काम तपासलं, एका ठिकाणी दगडांची आडवी ओळ चुकीच्या अंगाला कलली होती, ती उपसून परत बसवायला लावली. मग पदर खोचून म्हणाली, "चला, भावाकडं जाऊन येती." तिच्यामागं आम्ही चौघं वर चढलो. खडकापाशी ती थांबली, डोक्यावरचं गाठोडं एकटीनं उतरवलं. त्यात भावासाठी नाचणीचं पीठ आणि करंज्या होत्या.

रस्त्यावर पोचलो तेव्हा बामणोलीकडून गाडी येत होती. मावशीला उलट्या दिशेला जायचं होतं, आम्ही चौघं साताऱ्याला. हात दाखवला. तोच तरुण कंडक्टर दारात उभा. आम्ही चढलो, त्यानं तिकिटं दिली, आमच्या हातातले कोयते बघितले, काही बोलला नाही.

परवा मी पुन्हा त्याच गाडीत होतो. पेट्री गेलं, अनावळे गेलं. खिडकीशी माझा डोळा लागला होता. एक बेल वाजली आणि त्याचा आवाज आला.

"दोन दगड! दोन दगड कोण आहे? चला, उतरा."

पुढच्या सीटवरची एक बाई पोराला घेऊन उठली. तिच्यामागून मीही उतरलो.